एसी मध्येच कोमट होतो आणि स्कॅनरवर कोड येत नाही: कूलिंग कॉईलच्या तापमान सेन्सरचे सर्किट कसे तपासावे

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात मी गाड्यांच्या वायरिंगचे आणि एसीचे काम करतो. पावसाळा सुरू झाला की एक ठरावीक तक्रार माझ्याकडे येऊ लागते. एसी सुरुवातीला चांगला थंड करतो, काही किलोमीटर गेल्यावर हवा कोमट होते, समोरच्या काचेवर वाफ धरू लागते, गाडी थोडा वेळ उभी केली की एसी पुन्हा पूर्ववत चालतो आणि गॅरेजमध्ये आणल्यावर दोष म्हणून काही दिसतच नाही. अशी गाडी माझ्यापर्यंत पोहोचते तोवर तिच्यात बहुधा एकदा-दोनदा गॅस भरून झालेला असतो आणि काही वेळा सेन्सरही बदललेला असतो. गॅस पुरेसा असताना आणि सेन्सर निर्दोष असताना, केवळ सेन्सरपासून एसी चालवणाऱ्या कंट्रोल युनिटपर्यंत जाणाऱ्या दोन बारीक तारांमुळे हा दोष कसा निर्माण होतो आणि तो मीटरने कसा पकडावा, हे मी येथे एका गाडीच्या आधाराने सविस्तर लिहीत आहे.

ती गाडी फुलेवाडीत राहणाऱ्या एका शिक्षकांची होती. नऊ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. सर रोज गगनबावडा रस्त्याने साळवणच्या बाजूला शाळेत जातात. जुलै महिन्यात ते माझ्याकडे आले, त्याआधी एका गॅरेजमध्ये त्यांनी दोनदा गॅस भरून घेतला होता आणि तिसऱ्या खेपेला तेथेच डॅशबोर्डचा डावा भाग उघडून कूलिंग कॉईलचा (केबिनमधली हवा जिच्यावरून जाऊन थंड होते तिचा) सेन्सर बदलून घेतला होता. "मिस्त्री, पंचवीस मिनिटं झाली की एसीचा दम जातो. घड्याळ लावून बघितलंय मी," असे त्यांनी सांगितले. मी गेज लावले. इंजिन बंद असताना आणि गाडी पूर्ण थंड असताना दोन्ही बाजूंचा दाब ऐंशी पीएसआयच्या आसपास होता. आर-१३४ए या गॅसचा २५ अंश तापमानाला एवढाच दाब असतो. या आकड्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही, तरी सिस्टीम रिकामी झालेली नाही एवढे निश्चित होते. नंतर इंजिन चालू करून पाहिले, तेव्हा चालू स्थितीतील दाबही योग्य होते आणि कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा भाग) वेळच्या वेळी जोडला जाऊन सुटत होता. मी सेन्सरचा कपलर (तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) काढून स्वच्छ केला, पुन्हा बसवला आणि गाडी परत दिली. नऊ दिवसांनी सर तीच तक्रार घेऊन परत आले. माझी चूक उघड होती. दोष प्रत्यक्ष चालू असताना मी एकही मोजमाप घेतले नव्हते.

या खेपेला निघता निघता सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीही तक्रार म्हणून नव्हे. "गाडी आता जुनी झाली बघा. बाहेरचं तापमानसुद्धा मध्येच आठ-नऊ दाखवते. जुलैत आपल्याकडं आठ डिग्री कधी असतंय का?" दोषाचे निम्मे उत्तर या वाक्यात होते. ते कसे, हे कळण्यासाठी सर्किट नीट समजून घ्यावे लागते.

कूलिंग कॉईलच्या पत्र्यांमध्ये खोचलेला हा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर असतो. तापमान कमी झाले की त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो आणि तापमान वाढले की रेझिस्टन्स कमी होतो. कंट्रोल युनिट आपल्या आतील एका ठरावीक रेझिस्टरमधून पाच व्होल्ट या सेन्सरकडे सोडते, सेन्सरची दुसरी तार अर्थकडे (शून्य व्होल्टच्या बाजूला) जाते आणि आतील रेझिस्टर व सेन्सर यांच्यामधल्या बिंदूवरील व्होल्टेज वाचून युनिट तापमान ठरवते. कॉईल थंड होईल तसे हे व्होल्टेज वाढते. कॉईलचे तापमान शून्याच्या जवळ येऊ लागले की युनिट कॉम्प्रेसरचा क्लच सोडते, कारण त्यापुढे गेल्यास कॉईलवर जमणाऱ्या पाण्याचा बर्फ होऊन हवेची वाट बंद होते. काही अंशांनी तापमान वर आले की क्लच पुन्हा जोडला जातो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे चक्र दिवसभर चालू असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. युनिटला कॉईल दिसत नाही, त्याला केवळ एक व्होल्टेज दिसते. तार पूर्ण तुटली तर व्होल्टेज पाचच्या जवळ जाते, युनिट कॉईल उणे तीस-चाळीस अंशांवर असल्याचे समजते आणि कॉम्प्रेसर चालूच करत नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्याकडे जाते, युनिटला कॉईल तापलेली वाटते आणि ते क्लच सोडतच नाही. ही दोन्ही टोके युनिटला अशक्य वाटतात, म्हणून ते कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक, नोंदवते. कूलिंग कॉईलच्या सेन्सर सर्किटसाठी पी ०५३५ ते पी ०५३९ ही कोडची मालिका आहे. त्यातील पी ०५३७ म्हणजे सिग्नल फार खाली आणि पी ०५३८ म्हणजे सिग्नल फार वर. बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरसाठी पी ००७० ते पी ००७४ हे कोड आहेत. मात्र या दोन टोकांच्या मध्ये असलेली चूक युनिटला चूक वाटत नाही. व्होल्टेज चुकीचे असले तरी शक्य कोटीतले असेल तर युनिट त्यावर विश्वास ठेवते आणि कोड येत नाही. "स्कॅनर लावला, काही निघालं नाही" एवढ्यावरून सेन्सर सर्किटला निर्दोष ठरवता येत नाही ते यामुळे.

आकड्यांत सांगतो. समजा, सेन्सरचा रेझिस्टन्स २५ अंशांवर २ किलोओहम आहे. अशा थर्मिस्टरचा रेझिस्टन्स १० अंशांवर साधारण ३.८ आणि शून्य अंशावर साधारण ६ किलोओहम होतो. आता सेन्सरच्या तारेत कुठेतरी गंजलेला सांधा आहे आणि त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स २.२ किलोओहम आहे असे धरा. कॉईल प्रत्यक्षात १० अंशांवर असताना युनिटला ३.८ अधिक २.२ म्हणजे ६ किलोओहम दिसतात. युनिटच्या दृष्टीने कॉईल शून्यावर पोहोचलेली असते आणि ते प्रामाणिकपणे क्लच सोडते. ब्लोअर जोरात फिरत राहतो, हवेचा झोत भरपूर येतो, मात्र हवा कोमट असते. कॉईल बरीच तापल्यावर क्लच थोडा वेळ जोडला जातो आणि लगेच सुटतो. ग्राहकाला हे गॅस कमी असल्यासारखेच जाणवते आणि गॅस भरण्याचा खर्च येथूनच सुरू होतो. येथे दिलेले किलोओहम हिशोब समजण्यासाठी आहेत. प्रत्येक मॉडेलच्या सेन्सरचा तक्ता वेगळा असतो आणि तो त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा लागतो.

म्हणून पहिली तपासणी मीटरशिवाय करावी. दोष चालू असताना हवेचा झोत कमी झाला आहे की झोत तोच राहून हवा कोमट झाली आहे, हे आधी ठरवावे. झोत कमी होत गेला, गाडी बंद केल्यावर खाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडले आणि त्यानंतर एसी पुन्हा चालू लागला, तर कॉईलवर बर्फ धरतो आहे. याचा अर्थ युनिटला कॉईल आहे त्यापेक्षा गरम वाटते आहे. अशा वेळी सेन्सर पत्र्यांतून निसटून बाजूला लोंबकळतो आहे का, आणि कपलरमध्ये पाणी शिरून दोन पिनांच्या मध्ये करंट गळतो आहे का, हे पाहावे. झोत तोच असून हवा कोमट असेल, तर बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरतो आहे का ते पाहावे. तो थांबलेला असेल तर युनिटने क्लच सोडला आहे, किंवा रिले, फ्यूज अथवा क्लच कॉईलपैकी काहीतरी बिघडले आहे. सरांच्या गाडीत झोत कमी होत नव्हता.

यानंतर मी मीटर हाती घेतला. येथे काही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात. सेन्सरच्या तारांवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. त्या दिव्याला लागणारा करंट सेन्सर सर्किटच्या करंटच्या कितीतरी पट असतो आणि त्याने युनिटला इजा होऊ शकते. डिजिटल मीटरच वापरावा. मीटरची जाड पिन कपलरच्या तोंडात घालू नये, कारण तिने आतील मादी पिन फाकते आणि नसलेला दोष आपणच तयार करतो. मी शिवणकामाची बारीक सुई कपलरच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने आत सरकवतो आणि तिला मीटर जोडतो. तारेचे आवरण टोचून मोजण्याची पद्धतही टाळावी. त्या छिद्रातून पावसाळ्यात ओल आत जाते. डॅशबोर्डखाली काम करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या आवरणातील तारांना किंवा पिवळ्या कपलरना हात लावू नये, कारण त्या एअरबॅगच्या असतात. मोजमापासाठी बॅटरी पुन्हा जोडण्याआधी सगळे कपलर आपापल्या जागी आहेत याची खात्री करावी.

सेन्सर स्वतः चांगला आहे का, हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. तो काढून शेजारच्या रसवंतीतून आणलेल्या बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी असलेल्या पेल्यात बुडवायचा, दोन-तीन मिनिटे ढवळायचे आणि रेझिस्टन्स मोजायचा. वितळत्या बर्फाच्या पाण्याचे तापमान शून्य अंश असते, त्यामुळे महागड्या थर्मामीटरची गरज पडत नाही. नंतर सेन्सर पुसून मुठीत धरायचा आणि आकडा पाहत राहायचे. चांगल्या सेन्सरचा आकडा मुठीच्या उबेने सलग आणि शांतपणे खाली येतो. मध्येच उडी मारली, अडकला किंवा ओ.एल. (सर्किट तुटल्याची मीटरवरची खूण) दाखवून परत आला, तर सेन्सर खराब. सरांच्या गाडीतील नवा सेन्सर बर्फात ६ आणि मुठीत दीडच्या आसपास येऊन स्थिर झाला. सेन्सर उत्तम होता. जुना काढलेला सेन्सर सरांनी डिकीत जपून ठेवला होता. तोही मी त्याच पेल्यात बुडवून पाहिला आणि तोही उत्तम निघाला.

सेन्सर काढलेला असतानाच वायरिंगची तपासणी होते. सेन्सरच्या जागी एक साधा पोटेन्शियोमीटर (फिरवून रेझिस्टन्स कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) जोडायचा, त्याला ६ किलोओहमवर आणायचे आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये कॉईलचे तापमान पाहायचे. ते शून्याच्या आसपास आले, मग २ किलोओहमवर २५ च्या आसपास आले, तर त्या क्षणी तारा आणि युनिट दोन्ही ठीक आहेत. "त्या क्षणी" हे शब्द मी मुद्दाम लिहितो. सरांच्या गाडीत ही तपासणीही पूर्ण बरोबर आली. तारेच्या दोन टोकांना कंटिन्युइटी (तार सलग आहे का हे पाहणारी मीटरची तपासणी) लावली तर बीपही वाजला. उभ्या गाडीत, कोरड्या गॅरेजमध्ये, सगळे ठीक होते.

अशा वेळी गाडी रस्त्यावर नेऊन मोजणे भाग असते. सेन्सर परत बसवून मी कपलरच्या मागे दोन सुया लावल्या, एक सिग्नलच्या तारेवर आणि एक सेन्सरच्या अर्थच्या तारेवर. दोन्हींना लांब बारीक तारा जोडून त्या डाव्या सीटपर्यंत आणल्या आणि दोन मीटर मांडीवर घेऊन बसलो. दोन्ही मीटरची काळी पिन बॉडीच्या चांगल्या अर्थला जोडली होती. गाडी सर चालवत होते, मागे माझ्याकडे काम शिकणारा मुलगा स्कॅनर धरून बसला होता. फुलेवाडी सोडून आम्ही बालिंग्याच्या दिशेने निघालो. सिग्नल २.७ आणि २.९ व्होल्टच्या दरम्यान वर-खाली होत होता, म्हणजे कॉम्प्रेसरचे चक्र व्यवस्थित चालू होते. अर्थच्या तारेवर ०.०२ व्होल्ट होते. सेन्सरच्या अर्थवर एवढेच असायला हवे, फार तर ०.०५.

बालिंगे मागे पडले आणि पावसाने उखडलेला रस्त्याचा एक टप्पा लागला. एका खड्ड्यात चाक आदळले आणि त्याच क्षणी अर्थच्या तारेवरील ०.०२ चे १.२ व्होल्ट झाले. सिग्नल २.८ वरून ३.३ वर गेला. स्कॅनरवर कॉईलचे तापमान उण्यात गेले, क्लच सुटल्याचा बारीक टक् असा आवाज आला आणि एक-दोन मिनिटांत जाळीतून येणारी हवा कोमट झाली. सरांनी घड्याळ पाहिले. "बघा, पंचवीस मिनिटं," ते म्हणाले. खरे तर दोष पंचवीस मिनिटांनी येत नव्हता. घरून निघाल्यावर पंचवीस मिनिटांनी सर त्या खराब टप्प्यावर पोहोचत होते. ग्राहक वेळ सांगतो तेव्हा त्या वेळी गाडी कुठे असते, हेही विचारावे असे मला या गाडीने शिकवले. शहरात रंकाळ्याभोवती तासभर फिरवूनही हा दोष आला नसता.

अर्थच्या तारेवरील १.२ व्होल्ट या एका आकड्यात सगळे निदान आले होते. सेन्सर बिघडला असता किंवा सिग्नलची तार तुटत असती, तर सिग्नल बदलला असता, मात्र अर्थची तार शून्यालाच राहिली असती. अर्थच्या तारेवर व्होल्टेज उभे राहिले याचा अर्थ सेन्सरच्या पुढे, अर्थकडे जाणाऱ्या वाटेत करंटला अडथळा आहे. आणि सरांनी निघता निघता सांगितलेले आठ-नऊ अंश येथे जुळतात. वायरिंगच्या नकाशात पाहिले तर बंपरमागे असलेल्या बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरची अर्थ आणि कॉईलच्या सेन्सरची अर्थ वाटेत एका सांध्यात एकत्र येऊन पुढे एकाच तारेने युनिटकडे जात होत्या. तो सांधा बिघडला तर दोन्ही सेन्सर एकाच वेळी आहे त्यापेक्षा थंड आकडा दाखवणार, हे ओघानेच आले. दोन वेगळे सेन्सर एकदम एकाच दिशेने चुकत असतील, तर सेन्सर सोडून त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधावे. या दोन सेन्सरचा मिळून करंट जेमतेम एक मिलिअँपिअर होता. एक मिलिअँपिअरने १.२ व्होल्टचा ड्रॉप पडतो म्हणजे सांध्याचा रेझिस्टन्स सुमारे १.२ किलोओहम. जिथे शून्य ओहम हवे तिथे एवढा.

गाडी परत आणून डावीकडच्या पायापाशी असलेले प्लॅस्टिकचे आवरण काढले. खालचे कार्पेट हाताला गार आणि ओले लागले. त्याखालचा फेल्ट पिळला तर पाणी निघाले. वायरिंगचा जुडगा त्या फेल्टवरच टेकलेला होता. टेप सोडत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वेढ्याखाली तो सांधा सापडला. वरून टेप शाबूत होती, आत तांब्याचा हिरवा चुरा झाला होता आणि सुमारे डझनभर धाग्यांपैकी तीन-चार धागे तेवढे एकमेकांना टेकलेले होते. दोन्ही टोके कपलरपासून सोडवून मीटर ओहमवर लावला आणि सांधा बोटाने हलवला, तर आकडा शून्याच्या जवळून एकदम बाराशेवर आणि परत असा नाचत होता. जाड तारेत अनेक अँपिअर वाहत असतील तर असा सांधा तापतो, वास येतो, कोणाच्या तरी लक्षात येतो. सेन्सरच्या तारेत करंट इतका किरकोळ असतो की सांधा तापत नाही आणि गंजाचा पातळ थर भेदण्याची ताकदही त्या करंटमध्ये नसते. म्हणून हे दोष मुकाट्याने अनेक वर्षे राहतात.

पाणी कुठून आले, हा प्रश्न सोडवल्याशिवाय सांधा दुरुस्त करून उपयोग नव्हता. कूलिंग कॉईलवर जमणारे पाणी एका रबरी नळीने गाडीखाली जाते. सरांच्या गाडीची ही नळी माती आणि कुजलेल्या पानांनी जवळजवळ बंद झाली होती. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कॉईलवर भरपूर पाणी जमते. नळीतून जाता न आल्याने ते पेटीच्या कडेवरून डाव्या पायापाशी उतरत होते. नळी खालच्या बाजूने हलक्या दाबाच्या हवेने मोकळी केली, तेव्हा साठलेले काळे पाणी बराच वेळ वाहत राहिले. गॅस भरताना किंवा सेन्सर बदलताना कोणी कार्पेटला हात लावून पाहिला असता, तर हा दोष पहिल्याच दिवशी सापडला असता, याचे मला मनापासून वाईट वाटले. पहिल्या खेपेस मीही हात लावून पाहिला नव्हता.

दुरुस्ती करताना हिरवा झालेला भाग कापून नुसते पीळ मारून टेप लावणे पुरेसे नसते. गंज आवरणाच्या आतून तारेत पुढे सरकतो आणि तांबे काळे पडते. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. त्यामुळे चकचकीत तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत जावे. सरांच्या गाडीत तिन्ही तारांचा चार-पाच बोटे भाग काढून टाकावा लागला आणि त्याच जाडीची नवी तार जोडावी लागली. सांधा सोल्डर करून, आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवून गरम केली, म्हणजे दोन्ही टोकांनी गोंद बाहेर येऊन पाणी शिरण्याची वाट बंद होते. सोल्डरजवळ तार कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटू शकते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधार देऊन जुडगा फरशीवरून उचलून वरच्या पट्टीला बांधला. फेल्ट बाहेर काढून दोन दिवस वाळवला.

त्यानंतर पुन्हा तेच दोन मीटर आणि तोच रस्ता. बालिंग्यापुढच्या त्याच टप्प्यावर अर्थच्या तारेवर ०.०१ ते ०.०२ व्होल्ट राहिले, गाडी आदळली तरी हलले नाहीत. बाहेरचे तापमान २४ दाखवत होते आणि पावसात ते बरोबर होते. आम्ही पुढे कळे गावापर्यंत जाऊन परत आलो, कारण एका खड्ड्यावर विश्वास ठेवून गाडी परत देण्याची चूक मला पुन्हा करायची नव्हती.

याच पद्धतीने इतर तापमान सेन्सरही तपासता येतात, फक्त त्यांच्या खोडी वेगळ्या असतात. बंपरमागचा सेन्सर किरकोळ धडकेत जागेवरून निसटतो आणि इंजिनाच्या गरम हवेत येऊन बाहेरचे तापमान जास्त दाखवू लागतो. ऑटोमॅटिक एसी असलेल्या गाड्यांत डॅशबोर्डवर बारीक जाळीमागे केबिनचा सेन्सर असतो. त्याच्यावरून थोडी हवा सतत ओढली जाते. जाळी धुळीने बंद झाली की तो शिळ्या हवेचे तापमान वाचतो. इंजिनाच्या पाण्याचा सेन्सर चुकून फार गरम आकडा देऊ लागला तर अनेक गाड्यांत इंजिन वाचवण्यासाठी युनिट एसी बंद करते. अशा वेळी एसीच्या सर्किटमध्ये कितीही शोधले तरी काही सापडत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या बाबतीत मी वेगळी काळजी घेतो. पुराचे पाणी सीटपर्यंत आलेले असेल तर फरशीवरच्या प्रत्येक सांध्यात गाळ आणि ओल गेलेली असते. गाडी सुकवून चालू केली की सगळे चालते आणि दोष महिन्यांनी किंवा वर्षांनी एकेक करून वर येतात. अशी गाडी एसीची तक्रार घेऊन आली, तर गेज लावण्याच्या आधीच मी दोन्ही बाजूंच्या पायापाशी असलेली आवरणे काढून सांधे पाहतो. जुनी गाडी विकत घेतलेल्यांना ती पुरातली आहे हे पुष्कळदा माहीत नसते. सीटच्या रुळांच्या खाचांत आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या भागावर गाळाची रेषा दिसते.

सरांना मी एक साधे काम सांगितले आहे. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटे गाडी उभी करायची आणि डाव्या बाजूला गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात का ते पाहायचे. थेंब पडत नसतील तर त्याच दिवशी कार्पेटखाली हात घालून पाहायचा आणि ओल लागली तर नळी मोकळी करून घ्यायची.